शेकरांचा सातबारा

आई-बाबा भारतातून आले की त्यांना काय काय दाखवायचं, याची न्यू इंग्लंडातल्या आम्हा मराठी घरांत एक ठरलेली यादी असते. बोस्टनचं बंदर, हार्वर्डचा पुतळा, एक आउटलेट मॉल आणि ऑक्टोबर असेल तर फॉल कलर्स. तसे आम्ही एका शनिवारी पोळी-भाजीचे डबे घेऊन न्यू हॅम्पशायरच्या दिशेने निघालो. लाल-पिवळी पानं बघून बाबा तासाभरात कंटाळले. तोंडाने काही बोलले नाहीत, पण कॅमेरा पिशवीत गेला तेव्हाच मी ओळखलं. तेवढ्यात मस्कोमा नावाच्या तळ्याकाठी एनफिल्ड गावात 'शेकर म्युझियम' अशी पाटी दिसली. खरं सांगायचं तर टॉयलेट असेल म्हणून थांबलो.

आत ग्रॅनाइटची एक अवाढव्य सहा मजली इमारत. शेकर पंथाच्या लोकांनी १८३७ ते १८४१ या काळात ती राहण्यासाठी बांधली. गाइड बाईंनी सांगितलं की हे सगळे ब्रह्मचारी. स्त्री-पुरुष एकाच इमारतीत राहायचे, पण दारं वेगळी, जिने वेगळे. खाजगी मालमत्ता कोणाचीच नाही, सगळं सामायिक. आमचे बाबा आयुष्यभर महसूल खात्यात होते, नायब तहसीलदार म्हणून रिटायर झाले. ते सगळं शांतपणे ऐकून घेऊन मला मराठीत म्हणाले, "हे ठीक आहे रे. पण लग्न नाही, मूलबाळ नाही, तर एवढ्या जमिनीला वारस कोण? सातबारा कोणाच्या नावावर?"

आई तिकडे लहान मुलांच्या मापाच्या एका खुर्चीजवळ उभी होती. ती म्हणाली, "लग्न करत नव्हते ना हे? मग ही मुलं कोणाची? आणि त्यांच्या आया कुठे होत्या?"

गाइड बाईंनी दोन्ही प्रश्नांची थोडक्यात उत्तरं दिली, पण माझं समाधान झालं नाही. पुढे हिवाळ्यात एक प्रोजेक्ट संपून दुसरं मिळेपर्यंत मी दीड महिना बेंचवर होतो. बाहेर बर्फ, घरात मी आणि गावच्या लायब्ररीतून आणलेली पुस्तकं. हाडाचा इंजिनिअर असल्यामुळे इतिहासाशी माझा संबंध दहावीच्या पेपरानंतर सुटलेला. पण हे प्रकरण असं निघालं की एकदा हातात घेतल्यावर खाली ठेववेना.

आधी शेकर म्हणजे कोण ते सांगतो. अ‍ॅन ली नावाची बाई १७३६ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरला जन्मली. नवरा लोहार. चार मुलं झाली आणि चारही लहानपणीच गेली. पुढे एका छोट्या पंथात ती नेतृत्वाला आली आणि तिने शिकवायला सुरुवात केली की सगळ्या पापांचं मूळ स्त्री-पुरुष संबंधात आहे. १७७४ साली आठ अनुयायांना घेऊन ती न्यूयॉर्कला आली आणि आल्बनीजवळ त्यांनी वस्ती केली. प्रार्थनेच्या वेळी हे लोक थरथरत, नाचत, म्हणून लोकांनी 'शेकिंग क्वेकर' असं हिणवायला सुरुवात केली आणि पुढे तेच नाव पडलं. १७८४ मध्ये अ‍ॅन ली वारली, पण पंथ वाढला. मेनपासून केंटकीपर्यंत अठरा-एकोणीस मोठ्या वसाहती झाल्या. ईश्वर पिता आहे तशीच माताही आहे असं हे मानत आणि कारभारात बायकांना पुरुषांच्या बरोबरीचं स्थान देत. हे त्या काळात, जेव्हा अमेरिकेत बायकांना मत नव्हतंच, पण लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर घरही ठेवता येत नव्हतं. बियाण्यांची छोटी पाकिटं करून विकणं, चपटा झाडू, गोल लाकडी डबे, खुर्च्या, सगळ्यात हे लोक वाकबगार. आजही शेकर फर्निचरच्या किमती बघितल्या तर डोळे पांढरे होतात.

आता बाबांचा प्रश्न. जमीन वसाहतीच्या ट्रस्टींच्या नावावर असे. पण तिथपर्यंत पोचायला पायऱ्या होत्या. नवा माणूस आला की आधी उमेदवार. या काळात तो आपल्या घरीही राहू शकत होता आणि त्याची मालमत्ता त्याचीच. दुसरी पायरी अशी की तो वसाहतीत राहायला येई, मालमत्तेचा वापर पंथाला देई, पण मालकी सोडत नसे. निघून जायचं ठरवलं तर आणलेलं परत मिळे, मात्र व्याज किंवा मजुरी नाही. आणि शेवटची पायरी म्हणजे पूर्ण समर्पण. इथे सज्ञान माणूस करारनाम्यावर सही करून सगळं कायमचं देऊन टाकी आणि आपण किंवा आपले वारस त्यावर कधीही हक्क सांगणार नाही असं लिहून देई. मुख्य वसाहत न्यू लेबनन इथे असा पहिला लेखी करार १७९५ साली झाला. आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज न वाचता 'आय अ‍ॅग्री'वर क्लिक करतो, तसली सही ही नव्हती. ते करार आधी वाचून दाखवत, समजावत. शिवाय त्यांचा नियम होता की येण्यापूर्वी सावकारांचं देणं फेडून ये आणि ज्या वारसांचं जे न्याय्य आहे ते देऊन ये.

पण माणूस आहे. पंचविशीत सही केली, चाळिशीत मन फिरलं, तर? बरेच जण असे बाहेर पडले. शेकर त्यांना कपडे, थोडी रक्कम, कधी हत्यारं देऊन निरोप देत आणि पावती लिहून घेत. ज्यांना तेवढ्यावर भागलं नाही ते कोर्टात गेले. मेनमध्ये १८२६ साली 'वेट विरुद्ध मेरिल' असा खटला झाला. फिर्यादीचं म्हणणं, मी इतकी वर्षं राबलो त्याची मजुरी द्या. कोर्टाने सांगितलं, तू स्वखुशीने सही केलीस, करार बेकायदेशीर नाही, मजुरी मिळणार नाही. केंटकीत तर विधिमंडळाने १८२८ साली खास कायदा केला. ट्रस्टींची नावं न शोधता थेट वसाहतीवर दावा लावायचा आणि नोटीस प्रार्थनागृहाच्या दाराला चिकटवायची. तरीही १८३४ साली 'गॅस विरुद्ध विल्हाइट' या खटल्यात, प्लेझंट हिल वसाहत सोडून गेलेल्या दोघांनी वाटा मागितला तेव्हा तिथल्या वरिष्ठ कोर्टाने शेकरांच्या बाजूनेच निकाल दिला. धर्मासाठी मालमत्ता सामायिक ठेवणं हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे, असा त्याचा एकूण सूर.

बाबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "म्हणजे देवस्थान इनामासारखंच की! जमीन देवाची, वहिवाट पुजाऱ्याची, आणि पुजाऱ्याच्या पोराने वाटणी मागितली की बोंबाबोंब." तंतोतंत नाही, पण फार चुकलेही नाहीत.

स्वतःचं स्वतः देऊन टाकणाऱ्याचं एक वेळ ठीक आहे. गुंता पुढेच आहे. आईचा प्रश्न त्यातलाच.

त्या काळचा अमेरिकन कायदा इंग्लंडहून आलेला. लग्न झालं की नवरा-बायको कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती, आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा. बायकोची मिळकत त्याची, मुलांवर हक्क त्याचा. आई ही कायद्याच्या पुस्तकात जवळजवळ नव्हतीच. आता असा नवरा उठून शेकर झाला आणि बायको म्हणाली मी नाही येत, तर काय होणार? मुलांना तो घेऊन जाणार. वसाहतीत गेल्यावर आई-बाप आणि मुलं वेगवेगळी राहणार, मुलं 'चिल्ड्रन्स ऑर्डर' म्हणून सांभाळणाऱ्या बाईबुवांकडे. बाप इंडेंचरच्या करारावर सही करून मुलाला सज्ञान होईपर्यंत पंथाकडे सोपवणार. मुलगे साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत, मुली अठराव्या. पंथ त्यांना खाऊ-पिऊ घालणार, वाचायला-लिहायला आणि एखादं कसब शिकवणार. मोबदला म्हणजे मुलाचं काम.

ओहायोतल्या युनियन व्हिलेज वसाहतीवर २७ ऑगस्ट १८१० रोजी कित्येकशे लोकांचा जमाव हत्यारं घेऊन चालून गेला. त्यामागे एका आजोबांची तक्रार होती. कर्नल जेम्स स्मिथ हे केंटकीतलं नावाजलेलं नाव. तरुणपणी त्यांना रेड इंडियनांनी पकडून नेलं होतं, त्या अनुभवावरचं त्यांचं पुस्तक प्रसिद्ध होतं. त्यांचा मुलगा शेकर झाला, सून पॉलीने नकार दिला, तेव्हा मुलगा नातवंडांना घेऊन ओहायोला निघून गेला. म्हाताऱ्याने पत्रकं छापून शेकरांवर आग ओकली. त्या दिवशी जमावाच्या प्रतिनिधींना शेकरांनी आत घेतलं, घरं बघू दिली, मुलांशी बोलू दिलं. मुलं म्हणाली, आम्हाला इथेच राहायचंय. जमाव हात हलवत परत गेला. रक्त सांडलं नाही हे दोन्ही बाजूंचं भाग्य. आता मुलं खरंच मनापासून म्हणाली की तसं म्हणायला शिकवली होती? दोनशे वर्षांपूर्वीच्या मुलांच्या मनात शिरून कोण बघणार! माझी सहा वर्षांची मुलगी मला जे विचारलं जाईल त्याला विचारणाऱ्याचा चेहरा बघून उत्तर देते, एवढंच मला ठाऊक आहे.

पण ज्या बाईने खरोखर कायदा हलवला ती युनिस चॅपमन. न्यूयॉर्क राज्यातल्या डरहॅम गावची. १८०४ साली जेम्स चॅपमन या वयाने बऱ्याच मोठ्या विधुराशी तिचं लग्न झालं. जॉर्ज, सुझन, ज्युलिया ही तीन मुलं. तिच्या सांगण्याप्रमाणे नवरा दारू प्यायचा. १८११ च्या सुमारास तो घर सोडून गेला आणि पुढे आल्बनीजवळच्या वॉटरव्लीट वसाहतीत शेकर झाला. त्याच्या बाजूने बघितलं तर शेकर होऊन त्याची दारू सुटली, आयुष्य मार्गी लागलं, आणि आपली मुलंही या चांगल्या जागी वाढावीत असं त्याला वाटलं. बायकोलाही त्याने बोलावलं. ती जाऊन राहून बघूनही आली, पण तिचं मन मानेना. १८१४ साली ती घरात नसताना तो आला आणि तिन्ही मुलांना घेऊन गेला.

युनिसपुढे मार्ग काय होता? घटस्फोट? न्यूयॉर्कमध्ये त्या वेळी घटस्फोटाला एकच कारण चाले, व्यभिचार. आणि हिचा नवरा तर कडक ब्रह्मचारी! हसू येतं, पण तिची कोंडी किती पक्की होती बघा. नवरा दुराचारी असता तर ती सुटली असती. कोर्टाचं दार बंद झाल्यावर तिने थेट विधिमंडळाचं दार ठोठावलं. आल्बनीला वर्षामागून वर्ष अर्ज केले, आमदारांना जाऊन भेटली, १८१७ साली आपली कर्मकहाणी पुस्तकरूपाने छापली आणि स्वतः विकली. बाईमाणसाने छापखान्यात आणि सभागृहाच्या ओसरीवर ताटकळणं तेव्हा शिष्टसंमत नव्हतं. तिच्यावर चिखलफेक भरपूर झाली, आणि तिनेही शेकरांवर करताना हात आखडता घेतला नाही. तिचे सगळे आरोप खरे मानायचं कारण नाही. मारहाण, फसवणूक, नाही नाही ते. पण मूळ मागणी साधी होती, माझी मुलं मला द्या.

विधिमंडळातल्या मसुद्यात एक विलक्षण कलम आलं. जो लग्नाचा माणूस शेकर होईल तो कायद्याने मृत समजावा. त्याचं लग्न संपलं, मुलांवरचा हक्क संपला, मालमत्तेची व्यवस्था तो वारल्यासारखी. बातमी वर्तमानपत्रांत आली आणि निवृत्त होऊन व्हर्जिनियात बसलेले थॉमस जेफरसन हादरले. जून १८१७ मध्ये आल्बर्ट गॅलटिनला लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटलंय की हा कायदा खरंच झाला असेल तर तो आपल्याला धर्मवेडाच्या काळोख्या युगात घेऊन जाईल. एखाद्याने कोणत्या पंथात जावं हे सरकारने ठरवायचं का, हा त्यांचा मुद्दा. आणि तो चूक म्हणता येत नाही. मी या प्रकरणात पूर्ण युनिसच्या बाजूने वाहत चाललो होतो, तिथे जेफरसनच्या पत्राने मला ब्रेक लावला.

आपल्याला 'कायद्याने मृत' ही कल्पना नवी नाही. संन्यास घेताना माणूस स्वतःचं श्राद्ध स्वतः करतो, घराच्या मिळकतीवरचा त्याचा हक्क संपतो. चालुक्यांच्या कल्याणीत बसून विज्ञानेश्वराने लिहिलेल्या मिताक्षरेत यतीचे वारस वेगळे सांगितले आहेत. मुलगा-भाऊ नव्हे, तर सच्छिष्य, गुरुबंधू असे. आणि मागे राहिलेल्या बायकामुलांचं काय, हा प्रश्न तर आळंदीच्या विठ्ठलपंतांच्या कथेत आपण लहानपणापासून ऐकला आहे. बायको असल्याचं लपवून संन्यास घेतला म्हणून गुरूने परत पाठवलं आणि त्याची किंमत चार लेकरांनी मोजली. फरक असा की आपल्याकडे घर सोडणारा आपण होऊन मेल्याचं मान्य करी. न्यूयॉर्कचे आमदार मात्र जिवंत, कामंधामं करणाऱ्या, नांगर धरणाऱ्या माणसाला कायदा करून मारायला निघाले होते.

गव्हर्नर आणि न्यायाधीशांच्या समितीने विधेयकाला हरकत घेतली. शेवटी ते कलम गळालं, पण समितीची हरकत बाजूला सारून १४ मार्च १८१८ रोजी विधिमंडळाने युनिसला घटस्फोट दिला. शिवाय नवराबायकोंपैकी एकाने मुलांना शेकरांत नेलं तर दुसऱ्याला हेबिअस कॉर्पसचा अर्ज करता येईल, कोर्ट मुलांचा ताबा त्याला देऊ शकेल, अशी तरतूद झाली. एका बाईसाठी एका राज्याने कायदा केला, आणि त्या बाईला मतदानाचाही हक्क नव्हता!

कागद तर हातात आला, पण मुलं राज्यात होती कुठे? बापाने त्यांना केव्हाच न्यू हॅम्पशायरला हलवलं होतं, आणि न्यूयॉर्कचा कायदा तिथे चालत नव्हता. आणि कुठल्या वसाहतीत? जिथे आम्ही टॉयलेट शोधत थांबलो होतो त्या एनफिल्डमध्ये. हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मी बायकोला उठवून सांगितलं. तिने "उद्या सांग" म्हणून कूस बदलली.

एनफिल्डला युनिसला साथ मिळाली मेरी डायरची. ही दुसरी आई, आणि तिची गोष्ट जास्त अवघड. मेरी आणि तिचा नवरा जोसेफ १८१३ साली दोघंही आपल्या मर्जीने पाच मुलांना घेऊन शेकर झाले. दोन वर्षांत मेरीचं मन उडालं, ती बाहेर पडली. जोसेफ आणि पाचही मुलं आत राहिली. म्हणजे हिला पळवून आणल्याची तक्रारही करता येईना. तिने आपल्या पायांनी मुलांना आत नेलं होतं. मे १८१८ मध्ये युनिस आणि मेरी एनफिल्डला पोचल्या, गावकरी जमले, काही दिवस वसाहतीभोवती तणाव राहिला. त्या गडबडीत युनिसला तिचा जॉर्ज मिळाला. मुली नंतर परत आल्या. मेरीला एकही मूल मिळालं नाही.

मेरीने मग पुस्तकांची लढाई मांडली. १८१८ साली तिने आपली बाजू छापली, त्याच वर्षी नवऱ्याने उत्तर छापलं. १८२२ मध्ये तिचं मोठं पुस्तक आलं. एकाच संसाराच्या दोन हकिगती, आणि दोन्ही वाचल्या की वाटतं ही दोन वेगळी कुटुंबं असावीत. १८२४ मध्ये न्यू हॅम्पशायरने कायदा बदलला. नवरा-बायकोचं नातंच निषिद्ध मानणाऱ्या पंथात जोडीदार गेला आणि तीन वर्षं एकत्र राहायला नकार दिला, तर घटस्फोट मिळू शकेल. मेरीला तो मिळाला १८३० साली, आणि तिने माहेरचं मार्शल हे नाव पुन्हा लावलं. तोवर मुलं मोठी झाली होती.

हे सगळं तिकडे अमेरिकेच्या जंगलात चाललेलं, असं वाटत असेल तर १८४३ ची मुंबई आठवा. नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, अगदी पोरवय, मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेला. वडील सुप्रीम कोर्टात गेले, कोर्टाने मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. पुढे त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. त्यानंतर १८५० च्या कायद्याने आपल्याकडे ठरवलं की धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जात नाही. तिथेही पेच हाच, मोठ्याने स्वतःचा मार्ग निवडला तर त्याच्यामागे लहानाचं काय करायचं? युनिसच्या बाबतीत बापाचा हक्क आड येत होता, श्रीपतच्या बाबतीत बापाच्या हक्कानेच निकाल लागला. आई दोन्हीकडे कायद्यात नाही.

शेकरांवर अन्याय नको म्हणून सांगतो, सगळीच मुलं अशी ओढून आणलेली नव्हती. पुष्कळ अनाथ होती. पुष्कळांना विधवा आयांनी, कर्जात बुडालेल्या बापांनी आपण होऊन आणून सोडलं, कारण तिथे पोटभर जेवण, स्वच्छ अंथरूण आणि शाळा होती. या भांडणांतून शेकरही शिकले. पालकांची लेखी संमती असल्याशिवाय मूल घ्यायचं नाही, जोडीदाराची संमती किंवा कायदेशीर विभक्तपणा असल्याशिवाय लग्नाच्या माणसाला घ्यायचं नाही, असे नियम त्यांनी पक्के केले. एवढं करून वाढवलेल्या मुलांपैकी बहुतेक मोठी झाल्यावर निघून जात. उलट बाजूची उदाहरणंही आहेत. अ‍ॅना व्हाइट नावाची सुखवस्तू क्वेकर घरातली मुलगी १८४९ साली शेकर झाली तेव्हा श्रीमंत काकाने वारसातून नाव काढण्याची धमकी दिली. ती बधली नाही. पुढे ती पंथातली मोठी नेती झाली आणि जागतिक शांततेच्या चळवळीत तिने काम केलं.

आता पुन्हा मेरी डायरच्या मुलांकडे. तिचा केलेब हा मुलगा एनफिल्डच्या वसाहतीत वाढला आणि तिचा ट्रस्टी झाला. म्हणजे बाबांच्या भाषेत सातबाऱ्यावर ज्याचं नाव, तोच. ती सहा मजली ग्रॅनाइटची इमारत त्याच्याच कारकिर्दीतली. अत्यंत हुशार, व्यवहारी माणूस, गावातल्या गिरण्यांतही वसाहतीचा पैसा त्याने गुंतवला. गावकरी त्याला मानत. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि थॉमस वेअर नावाचा एक माणूस सैन्यात जाताना आपल्या मुली एनफिल्डच्या शेकरांकडे ठेवून गेला. परत आल्यावर तो मुली मागू लागला. शेकरांनी करार दाखवला. जुलै १८६३ मध्ये एका संध्याकाळी वेअरने केलेबला वाटेत गाठलं, मुलींना भेटू द्या म्हणाला, आणि गोळी झाडली. केलेब दोन-तीन दिवसांनी वारला.

त्याची आई तेव्हा जिवंत होती. मेरी १८६७ साली वारली. आयुष्यभर जिने छापून, ओरडून सांगितलं की आईबापाला त्यांचं मूल परत द्या, तिचा स्वतःचा मुलगा मूल परत न दिल्याबद्दल मारला गेला. त्यावर तिला काय वाटलं असेल याचा विचार करत मी ते पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. त्याच आठवड्यात आम्ही दोघांनी वकिलाकडे जाऊन आमचं मृत्युपत्र केलं. आम्हा दोघांना काही झालं तर मुलीचा पालक कोण, हा रकाना तीन वर्षं रिकामा होता. इथला मित्र की पुण्याची बहीण, यावर आमचं एकमत होत नव्हतं.

केलेबच्या पश्चात एनफिल्डची घडी विस्कटली. बरेचसे व्यवहार त्याच्या डोक्यात होते, कागदावर नव्हते. देणेकरी उभे राहिले, खटले वर्षानुवर्षं चालले. नवी माणसं येईनाशी झाली. १९२३ साली उरलेल्या मोजक्या शेकरांनी एनफिल्ड सोडलं आणि ते कँटरबरीच्या वसाहतीत गेले. कँटरबरीतल्या शेवटच्या भगिनी १९९२ मध्ये वारल्या. आता मेनमधल्या सॅबथडे लेक इथे बोटांवर मोजण्याइतके शेकर आहेत.

गेल्या दिवाळीला फोनवर बाबांनी आठवण काढली. "अरे, त्या तळ्याकाठच्या जमिनीचं शेवटी काय झालं, ते तू सांगितलंच नाहीस."

मी सांगितलं, १९२७ साली त्यांनी ती ला सालेत नावाच्या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाला विकली. म्युझियम वगैरे त्यानंतर खूप वर्षांनी.

"धर्मगुरू म्हणजे लग्न न करणारे?"

"हो."

"म्हणजे फेरफार झाला तो पुन्हा बिनवारशांच्याच नावावर!" बाबा मोठ्याने हसले. मागून आईचा आवाज आला, "त्या वेअरच्या मुलींचं काय झालं ते विचारा त्याला."